साहेब, गारांना दुतोंड्या मारुती नाही

मा. मदत व पुनर्वसन मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार. द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीला पन्नासेक दिवस झालेले, मणी ज्वारीएवढे. सकाळपासून जिल्ह्याला पावसाचा इशारा होता, हे मी आधीच कबूल करतो. संध्याकाळी मोटारीच्या शेडवर टणटण सुरू झालं. आधी वाटलं, पोरं पत्र्यावर खडे मारताहेत. दहा-बारा मिनिटांत सगळं उरकलं. बॅटरी घेऊन बागेत गेलो तर पानांच्या चाळण्या, घड अर्धे खाली, आणि फाटलेल्या पानांचा तो हिरवा उग्र वास. वडिलांनी एक गार उचलून पाहिली, म्हणाले, "चिंचोक्यापेक्षा मोठी आहे." तेवढ्यात मोबाइल वाजला. कुठून कुठून फिरत आलेला संदेश: पुढील तीन तासांत जिल्ह्यात तुरळक ठिकाणी गारपिटीची शक्यता.

ओढ्यापलीकडे चुलतभावाची बाग आहे. तिथे एक गार पडली नाही.

अंदाज चुकला म्हणून हे पत्र लिहीत नाही. अंदाज बरोबरच होता. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे माझी बाग, एवढं फक्त त्यात नव्हतं.

नाशिक शहराचं बघा. गंगापूर धरणातून इतके क्युसेक सोडले, अशी बातमी येते. क्युसेक म्हणजे किती, हे गोदाघाटावर कितीजण सांगतील? पण गोदापात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं म्हटलं की सराफ बाजारातला दुकानदार माल वरच्या मजल्यावर चढवायला घेतो. पाणी काठावरच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेपर्यंत गेलं की मग विचारायलाच नको. १९६९, २००८, २०१६, २०१९, प्रत्येक पुराची आठवण लोक त्याच मापात सांगतात. २०१६ चा पूर २ ऑगस्टला आला होता, आणि सिंहस्थ कुंभमेळ्याचं पहिलं अमृतस्नान जाहीर झालंय २ ऑगस्ट २०२७ ला. त्या दिवसाची काळजी आपलं खातं घेईलच, शिवाय मारुती तिथे उभा आहे. आमच्या गारांना असा मारुती नाही.

जिल्हा हे माप फार मोठं पडतं, साहेब. इगतपुरीत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि येवल्या-नांदगावला पाचशेच्या आसपास, हे एकाच जिल्ह्यात. अलीकडे इशाऱ्यात घाटाचा भाग वेगळा दाखवतात, हे चांगलं झालं. पण गारपिटीचा पट्टा कधी कधी दोन-चार किलोमीटरच रुंद असतो. उत्तरेकडून पश्चिमी प्रक्षोभाची (पश्चिमेकडून हिमालयाकडे सरकणाऱ्या वादळी पट्ट्याची) थंड हवा वर, अरबी समुद्राची दमट हवा खाली, मधे तापलेलं पठार. ढग तासा-दीड तासात उभा राहतो आणि रिकामाही होतो. मुंबईचं रडार इथून दीडशे किलोमीटरच्या पुढे. पृथ्वी गोल असल्यामुळे त्याचा सगळ्यात खालचा किरणसुद्धा आमच्या डोक्यावर अडीच-तीन किलोमीटर उंचीवरून जातो. ढगाचा माथा दिसतो, पोटाखाली काय चाललंय ते नाही. म्हणून नाशिकच्या पठारावर जवळच्या पल्ल्याचं एक्स-बँड रडार हवं. ही मागणी नवी नाही, तिच्यावर मी जास्त शाई घालवत नाही.

मला जे मागायचंय त्याला फारसे पैसे लागत नाहीत.

गार पडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक बांधावर येतात. (तिघांचीही पदनामं आता बदलली आहेत, चप्पल तेवढीच झिजते.) पंचनामा होतो: गट नंबर, पीक, क्षेत्र, नुकसान किती टक्के. दोन पंच सही करतात. यादी तहसीलला जाते, मदत येते किंवा येत नाही, आणि कागद कपाटात जातो. गार नेमकी कुठल्या गटावर पडली आणि कुठल्या नाही, याची इतकी बारीक नोंद दुसरीकडे कुठेच नाही. महसूल मंडळातलं स्वयंचलित केंद्र पाऊस मोजतं, वारा मोजतं. गार त्याला कळत नाही. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला तर अतिवृष्टी; पण पंधरा मिनिटांची गारपीट वीस मिलिमीटरमध्येही एकरभर बाग झोपवते. फळपीक विम्यात गारपिटीसाठी वेगळा जादा हप्ता भरावा लागतो, आणि तो भरावा की नाही हे ठरवायला आमच्याकडे काय असतं? शेजाऱ्याची आठवण.

तेव्हा २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीपासूनचे निफाड, दिंडोरी, चांदवडचे सगळे पंचनामे बाहेर काढा, गट नंबर नकाशावर टाका आणि तो नकाशा सर्वांना खुला करा. नोंद अपुरी असेल. मदतीची अट आता ३३ टक्के नुकसानाची, २०१४ मध्ये तर ५० टक्क्यांची होती, त्यामुळे त्याखालचं बहुधा लिहिलंच जात नाही. तरीही अंदाज देणाऱ्यांना आपला इशारा कुठे लागला, कुठे हुकला, हे गावाच्या नावानिशी तपासता येईल. आणि आम्हाला बागेवरच्या प्लास्टिक आच्छादनासाठी कर्ज काढायचं की नाही, हे ठरवताना हाताशी काहीतरी राहील.

दोन तास आधी कळलं तर काय कराल, असं एका बैठकीत मला विचारलं गेलं. बाग उचलून घरात नेता येत नाही, खरं आहे. पण पात कापून वावरात पसरलेला लाल कांदा गोळा करून ताडपत्रीखाली जातो. फवारणीचं औषध टाकीतच राहतं, वाया जात नाही. मजूर बायका झाडाखालून घरी जातात, आणि विजेच्या दिवशी ही गोष्ट कांद्यापेक्षा मोठी आहे.

आमच्या गावचा २०१४ चा पंचनामा झाला तेव्हा पंच म्हणून एक सही माझी होती. कुणी शोधायला आलं तर कुठल्या गटापासून सुरुवात केली होती, ते मी बांधावर उभा राहून दाखवीन.

आपला,
निफाड तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार