पूर येणाऱ्या गावात भिंतीतले स्पीकर कशाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नव्या घराची सजावट करताना दिवाणखान्याच्या भिंतीतच स्पीकर बसवून घेण्याची पद्धत आता सांगली-मिरजेतही रुळू लागली आहे. जागा मोकळी राहते, वायरी दिसत नाहीत, केर काढताना काही हलवावे लागत नाही, हे सगळे खरे. परंतु हे करताना आपल्या बांधकामाचा विचार फारसा होत नाही, म्हणून हे पत्र.

अमेरिकेतील घरांत लाकडी चौकटीवर जिप्सम बोर्ड ठोकलेल्या पोकळ भिंती असतात. तिथे भोक पाडले की मागची पोकळीच स्पीकरच्या पेटीचे काम करते. आपली आतली भिंत मात्र साडेचार इंची, विटांची. ती तीन-चार इंच खोल कोरली तर पलीकडे गिलाव्याचा पापुद्राच उरतो आणि गाण्यातला खर्ज आपल्याआधी शेजाऱ्याला ऐकू जातो. मग पुढे खोटी भिंत उभारा, तिच्यात स्पीकरमागे बंद पेटी बसवा (नाहीतर बोर्डच थरथरू लागतो), आणि वाचवलेली जागा तिथेच घालवा! तंबोऱ्याचा भोपळा पारखून घेणारे कारागीर ज्या मिरजेत आहेत, तिथे पेटीचे महत्त्व वेगळे सांगावे लागू नये.

एक गुण मात्र मान्य करायला हवा. सुटा स्पीकर मागच्या भिंतीपासून मीटरभर पुढे असला, तर तिच्यावरून परतणारा आवाज ८५ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे खर्जातच, मूळ आवाजाला मारतो; भिंतीतल्या स्पीकरला ही अडचण नसते, म्हणूनच ध्वनिमुद्रणाच्या अनेक मोठ्या स्टुडिओंत मुख्य स्पीकर भिंतीत असतात. पण तिथे भिंतच त्यांच्यासाठी बांधलेली असते आणि ऐकणाऱ्याची खुर्चीही ठरलेली असते. घरात सोफा हलतो, पडदे बदलतात. सुटा स्पीकर वीतभर पुढे ओढून, किंचित आत वळवून घुमणारा खर्ज आटोक्यात आणता येतो. भिंतीतला बसला तो बसला.

गावभाग, मारुती चौक, शामरावनगर येथील तळमजल्यावरच्या रहिवाशांनी तर २००५, २०१९ आणि २०२१ आठवावे. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी वाढू लागली की माणसे टीव्ही, मिक्सर, धान्याचे डबे वर नेतात. वायरी सोडवून सुटे स्पीकरही नेता येतात. भिंतीतल्या स्पीकरचा कागदी शंकू आणि चुंबकातले वेटोळे मात्र गाळात जाते आणि नवा त्याच मापाचा न मिळाल्यास भिंत पुन्हा फोडावी लागते.

ज्यांना वायरी दिसायला नको आहेत, त्यांनी गिलाव्यापूर्वी भिंतीतून फक्त एक इंची पाइप टाकून घ्यावा आणि स्पीकर सुटेच ठेवावेत.

— एक वाचक, सांगली