एका विषयात मार्क घसरले म्हणून?

संपादक साहेब,
आता रत्नागिरीतली पोरंपण अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करायला लागलीत, पण अकरावीत फिजिक्सला एकदा मार्क घसरले की घरात लगेच सुतक. अहो तिकडे नववीपासूनचे मार्क बघतात, एका विषयावर सगळं ठरत नाही, आणि कॉमन अ‍ॅपच्या (एकच फॉर्म भरून तिकडच्या बऱ्याच कॉलेजांना अर्ज करायची ऑनलाइन सोय) फॉर्ममध्ये जास्तीची माहिती लिहायला वेगळी जागा असते, तिथे सरळ दोन ओळी लिहायच्या की कावीळ झालेली, पुढे मार्क सुधारले. रडगाणं नको. शाळेचापण रिपोर्ट जातो, पण आपल्याकडे कौन्सेलर कुठेत, ते काम मुख्याध्यापकांच्या गळ्यात आणि त्यांना कोणी धड सांगतच नाही, शिक्षण विभागाने यावर एखादं शिबिर तरी घ्यावं ना! बाकी हार्वर्ड शंभरात पाच जणपण घेत नाही, सगळ्या विषयांत ए ग्रेड असलेली पोरंपण तिथून नकार घेऊन येतात, तेव्हा यादीत दुसरी कॉलेजंपण ठेवा.
– एक पालक, रत्नागिरी