ट्रम्पला मतं, गव्हर्नर डेमोक्रॅट

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
२० जून २०२५

प्रिय मित्रा,

‘तुमच्या राज्यात ट्रम्प जिंकला, मग गव्हर्नर डेमोक्रॅट कसा?’ हा तुझा प्रश्न इथल्या मराठी मंडळींच्या जेवणावळीतही निघतो. नोव्हेंबरमध्ये ट्रम्पला इथे जवळपास ५१ टक्के मतं पडली, आणि त्याच मतपत्रिकेवर गव्हर्नरपदाचे डेमोक्रॅट उमेदवार जॉश स्टाइन यांना सुमारे ५५.

कारण इथे प्रत्येक खुर्चीला वेगळं मत. गव्हर्नर (आपल्या मुख्यमंत्र्यासारखा राज्याचा प्रमुख), लेफ्टनंट गव्हर्नर (त्याच्या खालचा), अॅटर्नी जनरल (राज्याचा मुख्य वकील), हिशेब तपासनीस, खजिनदार, शिक्षणप्रमुख, शेती, विमा, कामगार अशी राज्याची दहा पदं थेट लोकांतून भरतात. पूर्वी पक्षापुढे एक खूण केली की भागायचं. ती सोय २०१३च्या कायद्याने गेली. आता एकेक गोल काळा करत बसा! शेवटी दहापैकी पाच पदं एका पक्षाला, पाच दुसऱ्याला.

कामगार आयुक्ताचं तर भारीच आहे. लिफ्टमधल्या तपासणीच्या दाखल्यावर चेरी बेरी या आयुक्तबाईंचा फोटो वर्षानुवर्षं असायचा, लोक त्यांना लिफ्टवाल्या बाई म्हणूनच ओळखत. मधल्या आयुक्तांनी फोटो काढला. नवे ल्यूक फार्ली तो परत लावणार असं सांगून प्रचारात उतरले, आणि निवडून आले.

थेट सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्याचं, हा खेळ तू गावात पाहिलायस. इथे तो राज्यभर चालतो. लेफ्टनंट गव्हर्नरही स्वतंत्र निवडला जातो, आणि गव्हर्नर राज्याबाहेर गेला की कारभार त्याच्या हाती. गेल्या वर्षी तेव्हाचे डेमोक्रॅट गव्हर्नर रॉय कूपर यांचं नाव उपराष्ट्राध्यक्षपदासाठी चर्चेत होतं. आपण प्रचाराला बाहेर पडलो की विरोधी पक्षाचे लेफ्टनंट गव्हर्नर मार्क रॉबिन्सन कारभारी होणार, ही काळजी त्यांनी माघार घेताना बोलून दाखवली.

काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहातल्या, जागांचं गणित याहून कडू. राज्यात १४ जागा. २०२२मध्ये कोर्टाने घालून दिलेल्या मतदारसंघांच्या नकाशावर दोन्ही पक्षांना सात-सात झाल्या. मग राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात रिपब्लिकन बहुमत आलं (न्यायाधीशही इथे निवडूनच येतात), नकाशाबद्दलचा जुना निकाल फिरला आणि विधिमंडळाने नवा नकाशा काढला. २०२४मध्ये दहा रिपब्लिकन, चार डेमोक्रॅट. मतदार तेच, रेघा बदलल्या. आणि या नकाशांवर गव्हर्नरला नकाराधिकार नाही.

मला मात्र सगळ्यात जास्त खटकला तो हिशेब तपासनीस. त्या पदासाठी उभं कोण आहे, हे आमच्या ओळखीत कुणालाही धड सांगता येत नव्हतं. रिपब्लिकन डेव्ह बोलिक निवडून आले. सव्वा महिन्यात, हेलीन वादळाच्या मदतीचं नाव असलेल्या विधेयकातून विधिमंडळाने निवडणूक मंडळ नेमण्याचा अधिकार गव्हर्नरकडून काढून तपासनिसाला दिला. कूपर यांचा नकाराधिकार मोडून काढला. प्रकरण कोर्टात गेलं, तरी मे महिन्यात बोलिक यांनी नेमणुका केल्या आणि मंडळात रिपब्लिकन बहुमत झालं. म्हणजे मतमोजणीवर देखरेख कुणाची, हे मतपत्रिकेतल्या त्या गोलावर ठरलं, जो निम्म्या लोकांनी नुसता पक्ष बघून काळा केला असेल. दहा पदं लोकांतून निवडणं मला तरी फार होतं, पण इथल्या कुणाला ते पटत नाही.

तुमच्या जिल्हा परिषदेबद्दल कोर्टाचा आदेश आल्याचं वाचलं. गट-गणांची रचना कुठवर आली? गाव पुन्हा पलीकडच्या गटात तर ढकललं नाही ना? काकूंना नमस्कार.

तुझाच,
कॅरीकर