तसबीर मोबाइलमध्ये मावत नाही

पुणे,
रविवार

प्रिय सुध्या,

गणपतीपासून पत्र नाही, तेव्हा आधी शिव्या देऊन घे. पाठ आहे तशीच, गोळ्या चालू. तुझ्या सिनेमाच्या पटकथेचा दुसरा खर्डा काल रात्री संपवला आणि लिहायलाच बसलो, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

निर्माता म्हणाला म्हणून तू तसबीर काढून मोबाइल घातलास? अरे, 'संशयकल्लोळ' नाटकावरून करतोयस ना सिनेमा! १८९३ मध्ये देवलांनी ते गद्यात आणलं तेव्हा नावातच 'तसबिरीचा घोटाळा' होता. मोलिएरचं मूळ फ्रेंच नाटक १६६० चं, त्यावरून मर्फीचं इंग्रजी १७६१ चं, मग देवल. नावं, गावं, रीतिरिवाज, सगळं बदललं; त्या एका वस्तूला कोणी हात लावला नाही. आता तू लावलास.

तसबीर मुकी असते म्हणून हे नाटक चालतं. रेवतीला घेरी येते, तिच्या प्रियकराची, अश्विनची तसबीर पडते, कृत्तिका ती उचलून निरखत राहते आणि नेमका तेव्हाच तिचा संशयी नवरा फाल्गुनराव येतो. मोबाइल पडला तर त्याला कुलूप असणार, कृत्तिकेला चेहरा दिसणार कुठून? कुलूप नाही म्हणावं तर दोन मिनिटांत 'आई' नावाने फोन वाजेल, ती उचलेल, 'कोण बोलतंय?' विचारेल आणि तुझा सिनेमा मध्यंतराआधीच सुटेल. त्यावर तू पान ३३ वर बॅटरी संपवलीस. बॅटरी संपलेल्या मोबाइलवर फोटो बघणारी कृत्तिका मला तरी पडद्यावर पाहायची आहे!

आजचा काळच हवा असेल तर पासपोर्ट फोटो घे. लग्ननोंदणीसाठी अश्विनने काढलेले, पाकिटात आठ. रेवतीने त्यातला एक पर्समध्ये ठेवलाय, तो पडतो. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटर. रंगमंचावर शेवटच्या रांगेला दिसावी म्हणून तसबीर मोठी लागते, कॅमेऱ्याला एवढी पुरते. छपाई मॅट कागदावर कर, चकचकीत कागदावर दिवा उमटतो आणि चेहरा जातो. प्रती निदान बारा काढ. प्रत्येक टेकला फोटो जमिनीवर पडणार, चुरगळणार, आणि एडिटिंगला कोपरा कधी दुमडलेला, कधी सरळ दिसला की मी तुझ्या नावाने खडे फोडणार. मागची बाजू कोरी ठेव. स्टुडिओचा शिक्का असला तर कृत्तिका सरळ तिथे जाऊन चौकशी करेल.

आता त्या प्रसंगाचे तू केलेले एकोणीस तुकडे. या नाटकात विनोद वाक्यात कमी आणि कोणी काय पाहिलं यात जास्त. रंगमंचावर कृत्तिका आणि फाल्गुनराव एका चौकटीत असतात, तिला तो दिसत नाही आणि आपल्याला दोघं दिसतात. तू क्लोजअप, क्लोजअप करत गेलास की तो पुढे आहे की मागे, हेच कळेनासं होतं. त्यात शॉट सात आणि आठमध्ये कॅमेरा लाइन, म्हणजे दोघांना जोडणारी काल्पनिक रेघ, ओलांडतोय. त्यामुळे दोघंही एकाच बाजूला बघताना दिसतील आणि ती नवऱ्यावर वैतागून फोटो बघतेय असा भास होईल. एक वाइड, म्हणजे लांबून दोघंही दिसतील असा शॉट घे, दार डावीकडे, कृत्तिका उजवीकडे पाठमोरी, आणि त्याला आत येऊन थांबू दे. फोटोचा क्लोजअप एकच, आणि तोही त्याच्या नजरेने, म्हणजे तिच्या खांद्यावरून, अर्धवट. पूर्ण चेहरा दिसला तर संशयाला जागा कुठे?

भारत नाट्यला त्या एकांकिकेच्या वेळी दाराच्या बाजूवरून आपण बोलणं टाकलं होतं, आठवतंय? तेव्हाही मीच बरोबर होतो. अव्याला विचार. नको, तो तुझ्याच बाजूने बोलेल.

हशाचंही बघ. नाट्यगृहात नट लोक हसून होईपर्यंत थांबतो. सेटवर कोणी हसत नाही म्हणून तो पुढचं वाक्य उरकतो आणि थिएटरात ते हशाखाली बुडतं. प्रत्येक मोठ्या विनोदानंतर ऐकणाऱ्याचा मुका चेहरा घेऊन ठेव. मला चोवीस फ्रेम पुरतात, म्हणजे एक सेकंद. घरी टीव्हीवर दोन सेकंदसुद्धा पोकळ वाटतात. स्वगतं व्हॉइसओव्हरमध्ये टाकू नकोस, माणूस आजारी वाटतो. फाल्गुनरावाने ती भादव्या नोकराच्या कानात ओतावीत, त्याचे कान त्यासाठीच आहेत.

'मृगनयना' हे पद आधी रेकॉर्ड करून ओठ हलवायचे असतील तर ताना कमी कर. गवयाने एकदा घेतलेली तान नटाच्या गळ्याच्या शिरांवर जुळत नाही, लगेच पकडलं जातं. नाहीतर गाणाराच नट घे आणि दोन कॅमेरे लावून जागेवरच गाऊ दे.

आणि नाटकाबाहेरचा म्हणून तू घातलेला तो सिंहगडावरचा प्रसंग! शॉने आपल्या 'पिग्मॅलियन' नाटकाच्या १९३८ च्या सिनेमासाठी नाचाचा प्रसंग नव्याने लिहिला, कारण नाटकात तो दोन अंकांच्या मध्ये उरकला होता आणि फुलं विकणारी नायिका उच्चभ्रू बाई म्हणून खपते की नाही हे तिथेच ठरतं. बाहेर जायचं ते अशासाठी. पिठलं-भाकरीने कोणाचा संशय वाढतो रे?

चिरंजीवांच्या दहावीचं कळलं, त्याला शाबासकी. वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? येऊन जाईन म्हणतो. नाना बरे आहेत, अजून पेपर पाठ करतात.

पान ३१ ते ३८ परत लिही आणि आधी घराचा नकाशा काढून पाठव, दार कुठे ते बाणाने दाखवून. नकाशा नसेल तर मी पुढचं पान उघडणार नाही.

तुझा,
बंड्या