संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र: बंकर फोडायला अग्नी नको

मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार, यांस,
सविनय नमस्कार.

अग्नी-५ या क्षेपणास्त्रावर अण्वस्त्राऐवजी साडेसात टनांचे साधे स्फोटक बसवून जमिनीखालचे बंकर उडवण्याचा बेत असल्याच्या बातम्या २०२५ मध्ये वृत्तपत्रांत आल्या. त्या खऱ्या असतील, तर हा बेत सोडून द्यावा, अशी कळकळीची विनंती करतो.

डोंगराच्या पोटातले लक्ष्य गाठणे किती अवघड असते, हे २२ जून २०२५ रोजी इराणमधल्या फोर्दोच्या भूमिगत अणुकेंद्रात दिसले. अमेरिकेने तिथे प्रत्येकी सुमारे १३,६०० किलोचे बारा बॉम्ब टाकले. तरी सरळ डोंगर फोडण्याच्या फंदात कोणी पडले नाही. पेंटागॉनने सांगितले त्याप्रमाणे नेम धरला तो हवा खेळती ठेवणाऱ्या दोन विवरांवर. पहिल्या बॉम्बने विवरावरचे काँक्रीटचे झाकण उडवले, मागचे बॉम्ब त्याच तोंडातून सेकंदाला हजार फुटांहून अधिक वेगाने आत गेले. यामागे त्या एकाच जागेचा पंधरा वर्षांचा अभ्यास होता. एवढे करूनही, इराणकडच्या ६० टक्के समृद्ध केलेल्या सुमारे ४४० किलो युरेनियमचे काय झाले, हे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांना त्यानंतर कित्येक महिने तपासता आले नाही.

म्हणजे खरे काम नेमकेपणाचे आणि माहितीचे आहे. क्षेपणास्त्राच्या नुसत्या वेगाने ते भागत नाही. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की खडकावर आदळताना स्फोटकाभोवतीचे पोलादच झिजते, चेपते. आणि माहिती चुकली तर काय होते, ते बगदादमधल्या अमिरियाने दाखवले आहे. १३ फेब्रुवारी १९९१ रोजी लष्करी ठाणे समजून तिथल्या बंकरवर दोन बॉम्ब टाकले गेले. आत आसऱ्याला आलेली चारशेहून अधिक सामान्य माणसे मेली.

पण माझी सर्वांत मोठी काळजी वेगळी आहे. अग्नी-५ हे आपले अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्र. ते उडाले, की त्याच्या टोकाशी काय बसवले आहे हे समोरच्याच्या रडारला कळत नाही, आणि निर्णयाला त्याच्याकडे जेमतेम काही मिनिटे असतात. तो वाईटातले वाईटच धरून चालणार. अण्वस्त्र प्रथम न वापरण्याचे २००३ चे आपले धोरण त्या मिनिटांत त्याला कोण समजावणार? मे २०२५ मध्ये पाकिस्तानातल्या किराना टेकड्यांवर, जिथे अण्वस्त्रे असल्याचे बोलले जाते, भारताने हल्ला केल्याची नुसती अफवा उठली, तरी आपल्या हवाई दलाला पत्रकार परिषदेत तिचा इन्कार करावा लागला.

बंकर फोडण्याची क्षमता देशाकडे असू नये, असे माझे म्हणणे नाही. ती विमानातून टाकायच्या भेदक बॉम्बमध्ये असावी आणि अण्वस्त्रदलापासून पूर्ण वेगळी असावी. भुयाराची तोंडे, वीज, हवा आणि संपर्काच्या तारा तोडल्या तरी आतले ठाणे निकामी होते. त्या अभ्यासावर आधी पैसा घाला.

शिवाय ३१ डिसेंबर १९८८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करणार नाहीत, आणि दर १ जानेवारीला त्यांच्या याद्या एकमेकांना देतात. युद्धे झाली, बोलणी तुटली, तरी ही देवाणघेवाण चालू राहिली. नवे शस्त्र कोणतेही असो, त्या यादीतल्या जागांवर ते कधीही रोखले जाणार नाही, हे आपण संसदेत स्पष्ट शब्दांत सांगावे.

आपला नम्र,
एक नागरिक