आई, त्या वाळूची रांगोळी नको

कवरत्ती, लक्षद्वीप

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा बोलता बोलता रेंज गेली आणि दोघांचेही प्रश्न अर्धेच राहिले. आईला इथली पांढरीशुभ्र वाळू दिवाळीत रांगोळीला हवी आहे आणि बाबांना ती कुठल्या नदीनं आणली ते हवंय. म्हटलं, लिहूनच टाकावं.

बाबा, इथे नदीच नाही. ओढासुद्धा नाही. कोल्हापुरात २०१९ च्या पुरानंतर आपण उंबऱ्यापासून देवघरापर्यंत जो गाळ खरवडत बसलो होतो, तो सह्याद्रीचा काळा दगड झिजून भोगावती-कासारीतून पंचगंगेत आलेला. तो पुढे कृष्णेतून पूर्वेकडे जातो (आलमट्टीनं सोडला तर!). इकडची वाळू इथेच जन्मते, इथेच मोडते.

काल चिमूटभर भिंगाखाली धरली. प्रवाळाचे तुकडे होते, शिंपल्यांच्या कपच्या होत्या आणि पोह्यांसारख्या चपट्या पांढऱ्या पाकळ्या. या पाकळ्या हॅलिमेडा नावाच्या हिरव्या शेवाळाच्या. ते अंगात चुना साठवतं, मेलं की सांधे सुटतात आणि एकेक पाकळी वाळूत पडते. मधेच मोहरीपेक्षा बारीक शंखासारखी घरं दिसतात, ती फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जिवांची. सगळा चुनाच. शहाबादी फरशीवर लिंबू सांडलं की डाग पडायचा आणि तू ओरडायचीस ना, तसंच या वाळूवर लिंबू पिळलं तर फसफसते.

आई, आता तुझ्यासाठी खास. इथे पोपट मासा असतो, चोचीसारख्या दातांचा. शेवाळ खाण्यासाठी तो प्रवाळाचा दगडच खरवडतो, घशातल्या दातांनी दळतो आणि उरलेला चुना मागून सोडतो. पाण्यात डोकं घातलं की त्याचं कुरकुर चावणं स्पष्ट ऐकू येतं. मोठ्या जातीचा एकेक मासा वर्षाला शेकडो किलो वाळू काढतो. मालदीवच्या वक्कारू बेटाभोवती वाळूएवढ्या जाडीचा जो नवा माल तयार होतो, त्यातला ८५ टक्क्यांहून जास्त याच माशांचा, असं २०१५ साली प्रसिद्ध झालं. तर पाटाभोवती काय घालणार होतीस ते बघ!

बाबा, "उद्या पायाखालची वाळू वाहून गेली तर?" हे तुम्ही हसत विचारलंत, पण काळजी कळली. वाळू वाहतेच. पावसाळ्यात नैऋत्येच्या लाटा पश्चिमेच्या प्रवाळकड्यावर फुटतात, पाणी उथळ सपाटीवरून आत येतं आणि वाळू खाडीसारख्या शांत पाण्यात ढकलतं. बारीक पिठासारखा चुना तिथे तळाशी बसतो. जाड तुकडे कड्याजवळच राहतात, मोठ्या वादळातच हलतात. थोडा माल बाहेरच्या उतारावरून खोल समुद्रात जातो, तो कायमचा गेला. वारा फिरला की किनाऱ्याची वाळू एका बाजूनं उचलून दुसरीकडे लागते. म्हणून किनाऱ्यावर काँक्रीटचे ठोकळे रचलेले पाहिले की मला बरं वाटत नाही. एका घरापुढची वाळू थांबवली की शेजाऱ्याच्या पुढची आटते, असं माझं मत आहे.

खरी भीती वेगळी आहे. १९९८, २०१० आणि २०१६ साली समुद्र तापून इथले प्रवाळ पांढरे पडले, पुष्कळ मेले. मेलेला सांगाडा खरवडला जातच राहतो, पण नवा बांधणारं कोणी राहत नाही. मग लाटा अडवणारा कडाच खचत जातो. हे एका वर्षात दिसत नाही, म्हणूनच आम्ही दरवर्षी त्याच जागी जाऊन मोजतो.

तर वाळू आणणार नाही. प्रवाळ उचलणं इथे गुन्हा आहे आणि वाळूत तोच तर आहे. रांगोळी महाद्वार रोडवरून घे. मी येताना मासमीन आणते, म्हणजे सुकवलेला टुना. तांबड्या रश्श्यात टाकून बघू, पण बाबांच्या वाट्याला बेतानंच, खारट असतो.

गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुमची,
ताई