सत्तावीस तारखेचे गिऱ्हाईक

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दहा मिनिटांत सामान घरपोच देणारी ॲप्स आणि किराणा दुकाने यांवरचा आपल्या अंकातला लेख वाचला. लेखकाने आम्हा दुकानदारांची बाजू घेतली, त्याबद्दल आभार. पण आपला ग्राहक फक्त स्वस्ताईच्या मागे धावतो, असे त्यांनी धरूनच चालले आहे, ते पटले नाही. ठाण्यात लोकमान्य नगरला माझे किराणा दुकान आहे. वडिलांनी सुरू केले, मी अठ्ठावीस वर्षे बसतो आहे. गल्ल्यामागून जे दिसते ते लिहितो.

माझे गिऱ्हाईक महिन्यातून तीनदा बदलते. माणसे तीच. 7 ते 12 तारखेत पगार होतात, तेव्हा तांदूळ दहा किलो, तूरडाळ दोन किलो, तेलाचा कॅन. पंधरवडा उलटला की तीच ताई डाळ अर्धा किलो नेते. 25 च्या पुढे पाव किलो, आणि तेलाचा सगळ्यात लहान पाऊच. एवढ्या दिवसांत डाळीचा भाव हललेला नसतो, तिच्या घरातली तोंडेही कमी झालेली नसतात. सरकारच्या 2023-24 च्या खर्चाच्या सर्वेक्षणात शहरी भागात माणशी महिन्याचा खर्च सरासरी 6,996 रुपये आला. त्यातले सुमारे 40 टक्के खाण्यापिण्यावर. म्हणजे चौघांच्या घरात खाण्यावर अकरा हजार. हे अकरा हजार एका दिवशी हातात आले तर माणूस एक भाव देतो, आणि रोज साडेतीनशे करून आले तर वेगळा. नाक्यावर उभे राहून काम मिळवणारा कडिया, म्हणजे गवंडी, पाच किलोच्या पिशवीवरची सूट बघून काय करील? त्याच्याकडे त्या दिवशी पाच किलोचे पैसेच नसतात.

लहान पुडी महाग पडते, गरिबाला जास्त मोजावे लागतात, असे शिकलेली मंडळी सांगतात. चहापत्ती, मसाले यांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे आहे. शाम्पूचे मात्र उलटे. एक रुपयाच्या पुडीत पाच-सहा मिली असतो, म्हणजे मिलीला फार तर वीस पैसे. बाटलीवरची किंमत आणि मिली बघून भागाकार करा, मिली दुपटी-तिपटीने महाग निघेल. 1983 मध्ये तमिळनाडूतल्या सी. के. रंगनाथन यांनी चिक शाम्पू पुडीत आणला, पुढे सगळ्याच कंपन्या पुडीत उतरल्या. रुपयाचा आकडा एकदा लोकांच्या डोक्यात बसल्यावर सगळी मारामारी तिथेच झाली. आमच्या गल्लीतल्या बायका लडीतून चार पुड्या फाडून नेतात. घोडबंदर रोडच्या टॉवरमधली माणसे बाटली नेतात. हिशेब त्यांनाही येतो, पण लड त्यांच्या बाथरूमला शोभत नाही. आता भावाच्या मागे कोण धावले, ते लेखकानेच सांगावे.

22 सप्टेंबर 2025 ला साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल, बिस्किटे यांच्यावरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. चांगलेच झाले. पण तो दुकानात कसा उतरला ते कुणी लिहिले नाही. 118 रुपयांची बाटली हिशेबाने 105 वर यायला हवी, तेरा रुपये उघड दिसतात. पाच रुपयांच्या पुड्याचे काय? तो चार रुपये पंचेचाळीस पैशांना बसतो. पंचवीस पैशांचे नाणे 2011 मध्ये बंद झाले. पन्नास पैशांचे कायद्याने चालते, पण ते दिले तर गिऱ्हाईक माझ्याच अंगावर फेकील. म्हणून लहान पुड्यांत बहुतेक ठिकाणी किंमत तीच ठेवून ग्रॅम वाढवले. कपात झाली, पण रोख पैशांत ती मोठी बाटली घेणाऱ्याच्या खिशात पडली. आमच्या पोरांनी पुडा हातात घेऊन विचारले, “काका, स्वस्त झालं म्हणाले ना?” त्यांना वजनाचा आकडा दाखवला, तर म्हणाली, “म्हणजे पाचलाच ना!”

आणि दुकानदाराचे? वर्षाला दीड कोटीच्या आत उलाढाल असलेले माझ्यासारखे पुष्कळजण जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान धंद्यांसाठीच्या सोप्या करपद्धतीत, आहेत. उलाढालीवर 1 टक्का भरायचा, पण खरेदीवर दिलेला कर वळता मिळत नाही. 18 टक्के भरून घेतलेला माल 23 तारखेला नव्या किमतीने विकायचा आणि फरकासाठी डिस्ट्रिब्युटरच्या सेल्समनला फोन करत बसायचे. माझ्या एका डिस्ट्रिब्युटरने दिवाळीनंतर फरकापोटी बिस्किटांचे दोन बॉक्स टेकवले. तेही न खपणारे!

मला मुख्य सांगायचे ते पुढेच आहे. माझ्या दुकानाचा धंदा कसा चालणार, हे जसे माझ्या दुकानात ठरते तसे दोन किलोमीटरवर वागळे इस्टेटमध्येही ठरते. एमआयडीसी 1962 मध्ये सुरू झाली, तिच्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी ही. मोठे कारखाने गेले, त्यांच्या जागी आयटीच्या इमारती आल्या, पण गाळ्यांतून लेथ अजून फिरतात. तिथला एक वर्कशॉपवाला माझा जुना गिऱ्हाईक. त्याच्याकडे चार कामगार, त्यातले दोघे आमच्या गल्लीत राहतात. तो मोठ्या कंपनीला पार्ट करून देतो आणि त्याचे बिल शंभर-सव्वाशे दिवस अडकते. 2006 च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यात लिहिले आहे की लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या वर थांबवायचे नाही, करार नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. 2023-24 या आर्थिक वर्षापासून तर अशी मुदतीत न दिलेली रक्कम, प्रत्यक्ष देईपर्यंत, कंपनीला प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. कायद्यात कुठे काही कमी नाही. मी त्याला म्हटले, “तक्रार कर ना.” तो म्हणाला, “व्याज मिळेल शेठ, पण पुढची ऑर्डर बाजूच्या गाळ्यात जाईल.”

म्हणून तो पगार दोन हप्त्यांत देतो. निम्मा 10 ला, निम्मा जमेल तेव्हा. त्याचे बिल अडकले की माझ्याकडे त्या दोन घरांतली डाळ दोन किलोवरून अर्ध्या किलोवर येते, मग वहीत नाव चढते. अशी घरे मोजली तर गल्लीत पंधरा-वीस निघतील. त्यांना तुम्ही भावाला चिकट म्हणणार का?

माझी गत काही वेगळी नाही. पूर्वी डिस्ट्रिब्युटर पंधरा दिवसांची मुदत द्यायचा, आता आठवडा. बऱ्याच कंपन्यांच्या मालाला तर रोख. आणि माझी उधारी महिन्याला वसूल होते, कधी दीड महिन्याला. मधली फट पतपेढीच्या कर्जावर भरायची. धंदा कसा आहे असे कुणी विचारले की लोक विक्रीचा आकडा सांगतात. मी बघतो की दोन लाखांचा माल महिन्यात किती वेळा फिरला. तीन वेळा फिरला तर घर चालते. दोनदाच फिरला तर विक्री चांगली दिसूनही व्याजात जाते.

ॲप्सनी टॉवरमधली गिऱ्हाइके नेली हे खरे आहे, त्याबद्दल रडण्यात अर्थ नाही. त्यांचे पगार 1 तारखेला खात्यात पडतात, त्यांना उधारी नको, वेळ हवा. तरी संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वाणाच्या एक्कावन्न वस्तू बघायला त्या वहिनी माझ्याकडेच येतात. हातात घेऊन बघितल्याशिवाय वाण घेत नाहीत! यूपीआयबद्दल माझी तक्रार नाही, पैसे खात्यात येतात आणि जानेवारी 2020 पासून त्यावर शुल्क नाही. फक्त सुट्ट्यांऐवजी द्यायच्या चॉकलेटांची बरणी पूर्वी आठवड्यात रिकामी व्हायची, आता महिनाभर पुरते. असा परिणाम होईल, हे कुणाच्या डोक्यात आले होते?

आपला प्रतिनिधी बाजाराचा आढावा घ्यायला दर सणाच्या आधी गोखले रोड, राम मारुती रोडला जातो, तिथली गर्दी छापून येते. बोनस झालेला असतो, गर्दी असणारच. पुढच्या वेळी त्याला महिन्याच्या 27 तारखेला इकडे पाठवावे. सकाळी साडेसात ते नऊ, नाक्यावर जाणारी माणसे त्याच वेळेत येतात. त्यांना काय घेतले हे विचारायच्या आधी शेवटचा पैसा हातात कधी आला, ते विचारावे. चहा माझ्याकडे.

आपला,
एक किराणा दुकानदार
लोकमान्य नगर, ठाणे (पश्चिम)
(नाव छापू नये. डिस्ट्रिब्युटरही आपला पेपर वाचतात.)